डीजे म्हणजे माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मी डीजे आहे असं सांगितलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक भाव उमटतो. माणूस तरुण असेल तर तो लगेच आपल्या आवडीचं गाणं सांगतो. वयस्कर असेल तर त्याचा हात नकळत कानाकडे जातो. या दुसऱ्या माणसाचा मला राग येत नाही, कारण त्याचं दुखणं खरं आहे. पण आज मला त्यालाच जरा समजावून सांगायचंय, की डीजेचं काम नेमकं काय असतं, ते कसं करतात आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाशी त्याचा खरोखर किती संबंध आहे.

आमच्याकडे ‘डीजे’ हा शब्द आता माणसासाठी क्वचितच वापरतात. ‘यंदा डीजे कुठला?’ या प्रश्नाचं उत्तर ‘आठ बेस, आठ टॉप’ असं येतं. म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच ‘डॉल्बी’ म्हणतात. गंमत बघा, रे डॉल्बी या अमेरिकी अभियंत्यानं १९६५ साली लंडनमध्ये डॉल्बी कंपनी सुरू केली आणि तिचं नाव झालं ते ध्वनिमुद्रणातली नको असलेली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचं नाव आपण गोंगाटाच्या भिंतीला देऊन टाकलं.

डीजे म्हणजे डिस्क जॉकी, तबकडीवर स्वार झालेला माणूस. हा शब्द जन्मला तो अमेरिकेतल्या रेडिओच्या घरात, साधारण १९३०-४०च्या दशकांत. तेव्हा या घरात येऊन बोलताना मला माहेरी आल्यासारखं वाटतंय. एका गाण्यानंतर दुसरं कुठलं लावायचं, मध्ये काय बोलायचं, ऐकणाऱ्याला कसं धरून ठेवायचं, हे ज्याला कळतं तो डिस्क जॉकी. आपल्याकडे १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींनी गाण्यांच्या नुसत्या क्रमावर देशाला रेडिओपाशी बसवलं. त्यांना कुणी डीजे म्हटलं नाही, पण काम तेच होतं. फरक एवढाच, की रेडिओवरच्या निवेदकाला श्रोता दिसत नाही. त्याचं पत्र येतं ते आठ दिवसांनी. माझा श्रोता माझ्यासमोर वीस फुटांवर उभा असतो आणि त्याचं उत्तर मला दहा सेकंदांत मिळतं. नाचला तर पसंत. पाण्याच्या जारकडे निघाला तर नापसंत.

हे उत्तर वाचणं म्हणजेच आमचा धंदा. त्याचं उत्तम उदाहरण आहे ११ ऑगस्ट १९७३ची रात्र. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीनं शाळा सुरू होण्याआधी छोटी पार्टी ठेवली होती. गाणी लावायला होता तिचा भाऊ, क्लाइव्ह कॅम्पबेल. जमैकातून आलेल्या या पोराला लोक कूल हर्क म्हणत. त्याच्या लक्षात आलं होतं, की नाचणारी पोरं सगळ्या गाण्याला सारखी नाचत नाहीत. गाणं थांबून नुसता ड्रम वाजतो त्या काही सेकंदांची ती वाट बघत असतात. मग त्यानं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा तो तुकडा संपला, की दुसरीवर तोच तुकडा सुरू. काही सेकंदांचा ठेका मिनिटांचा झाला. पुढे ज्याला हिपहॉप म्हणू लागले, त्याची सुरुवात या रात्रीपासून मोजतात. त्यात मोठा शोध यंत्राचा नव्हता. त्या मुलानं लोकांच्या पायांकडे बघितलं होतं, एवढंच.

आता थोडं कारागिरीबद्दल. आपल्या नाचाच्या गाण्यांचा ठेका बहुधा चाराच्या हिशेबात चालतो. एका मिनिटात किती ठोके पडतात, त्याला आम्ही ‘बीपीएम’ म्हणतो. क्लबमधलं हाऊस संगीत १२० ते १२८च्या आसपास असतं, हिपहॉप बरंच संथ, ट्रान्स १३५च्या पुढे. समजा, चालू गाणं १२० ठोक्यांचं आहे आणि पुढचं १२४चं. दोन्ही एकावर एक वाजवली, तर एका मिनिटात चार ठोक्यांचा फरक पडेल. म्हणजे पंधरा सेकंदांत एक अख्खा ठोका पुढेमागे. ऐकणाऱ्याला ते जिन्यावरून घोडी उतरल्यासारखं वाटतं. म्हणून पहिल्या गाण्याचा वेग सव्वातीन टक्क्यांहून किंचित जास्त वाढवायचा, की दोघं बरोबर चालायला लागतात.

हे काम हातानं करायला कान तयार लागतो. एका कानावर हेडफोन, त्यात पुढचं गाणं. दुसरा कान मोकळा, त्यात चालू गाणं. मेंदूनं दोन्हींचे ठोके जुळवायचे आणि बोटांनी पट्टी हलवायची. जपानच्या मात्सुशिता कंपनीनं १९७२मध्ये टेक्निक्स नावानं जे तबकडीयंत्र काढलं आणि १९७९मध्ये सुधारलं, त्यावर वेग बदलणारी सरकपट्टी आली आणि हे काम जगभर सोपं झालं. मात्र तबकडीचा वेग वाढवला, की गायकाची पट्टीही वर चढायची. आता संगणक पट्टी तशीच ठेवून वेग तेवढा बदलतो. ठोके जुळवायलाही बटण आहे. ते दाबलं, की माझं पूर्वीचं सहा महिन्यांचं शिक्षण एका क्षणात होतं. जुने लोक त्यावर नाक मुरडतात. मी मुरडत नाही. ते बटण दाबून वाचलेला वेळ मी समोर बघायला वापरतो.

ठोके जुळले तरी दोन गाण्यांचा बेस एकत्र वाजू द्यायचा नसतो. नाहीतर खालचा आवाज चिखलासारखा होतो. एकाचा बेस उतरवायचा, त्याच क्षणी दुसऱ्याचा चढवायचा. आणि हे कुठेही करायचं नसतं. गाण्याची वाक्यं असतात, बहुधा सोळा किंवा बत्तीस ठोक्यांची. वाक्य पूर्ण झाल्यावर बदल केला, तर नाचणाऱ्याला कळतही नाही. मध्येच केला, तर कुणीतरी बोलणं तोडल्यासारखं होतं.

आपल्या मातीत आणखी एक अडचण असते. बऱ्याच कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांचा, दादऱ्याच्या अंगाचा असतो. हिंदी सिनेमाचं गाणं केरव्याच्या, म्हणजे आठ मात्रांच्या चालीचं. हे दोन एकमेकांवर बसत नाहीत, कितीही बटणं दाबा. तिथे जुळवण्याचा हट्ट सोडायचा. गाणं वाक्याच्या शेवटी थांबवायचं, एक क्षण रिकामा जाऊ द्यायचा आणि मग कोळीगीताचा पहिला ठोका टाकायचा. त्या रिकाम्या क्षणात शंभर माणसं एकदम ‘ए’ म्हणून ओरडतात. हे मला कुठल्याही यंत्रानं शिकवलं नाही.

लोक कसे वाचायचे, हे मला विचारतात. चेहरे फसवतात, पाय फसवत नाहीत. मी मध्ये नाचणाऱ्यांकडे कमी बघतो. ती चार पोरं कशावरही नाचतात. मी बघतो कडेला. खुर्चीत बसलेल्या मावशींची चप्पल ठेका धरते का? हातात पत्रावळ घेऊन उभा असलेला माणूस मान हलवतोय का? कडा हलायला लागली, की समजायचं मांडव आपला झाला. लग्नात बायका आणि लहान मुलं आधी उतरतात. त्यांना आवडेल असं लावलं, की पुरुष मंडळी आपोआप येतात. उलटं सहसा होत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्या वीस मिनिटांत हुकमाचे पत्ते टाकून मोकळं होणं. २०१६मध्ये ‘सैराट’ आला आणि ‘झिंगाट’ दर सुपारीत वाजू लागलं. नवे डीजे ते पहिल्याच गाण्याला लावायचे. मांडव पेटायचा आणि नंतर दोन तास विझत जायचा. माणसाचं अंग सलग नाचू शकत नाही. तीन गाणी चढती, मग एक उतरतं. त्या उतारावर माणसं घाम पुसतात, हसतात, आणखी कुणाला तरी हाताला धरून आणतात. चढाला किंमत येते ती उतारामुळे. आणि गाणं पडलंच, तर मान्य करायचं. तीस सेकंदांत, वाक्य संपताच बाहेर पडायचं. आपल्याला आवडतं म्हणून रेटायचं नाही.

आता त्या कानावर हात ठेवणाऱ्या काकांकडे येतो.

या धंद्यात मला बावीस वर्षं झाली. पहिली आठ-नऊ वर्षं मीही भिंतच होतो. एका वरातीत समोरून दुसरी वरात आली. त्यांची भिंत आमच्याहून मोठी. आमची पोरं म्हणाली, ‘दादा, वाढव.’ मी वाढवलं. ते वाढवतात, मी वाढवतो, असं दीड तास चाललं. मिक्सरवरचे लाल दिवे विझले नाहीत. घरी आलो तेव्हा कानात कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं आणि डाव्या कानात एक बारीक शीळ वाजत होती. पूर्वीही वाजायची, सकाळी थांबायची. या वेळी थांबली नाही. ती आजही वाजतेय, तुमच्याशी बोलतानासुद्धा.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी श्रवणचाचणी केली. कागदावरची रेघ चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात गेल्यासारखी खाली गेली होती. मोठ्या आवाजानं कान बिघडतो तेव्हा बहुधा याच जागी खड्डा पडतो. कानाच्या आतल्या शंखात पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या मेल्या, की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बायको मागून बोलली तर मला ‘काय?’ विचारावं लागतं. पावसाळ्यात गावी रातकिडे ओरडतात म्हणे. डाव्या कानाला ते गेले कित्येक पावसाळे ऐकू आलेले नाहीत.

मग मी डेसिबल म्हणजे काय, ते नीट शिकून घेतलं. हे मोजमाप साध्या बेरजेचं नाही. ३ डेसिबल वाढले, की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. पण कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे ऊर्जा दहापट लागते. याचा व्यवहारातला अर्थ लक्षात घ्या. ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली, भाडं वाढलं, डिझेल वाढलं, तरी ऐकणाऱ्याला आवाज थोडासाच मोठा वाटतो. केसपेशींवर मात्र दुप्पट मार बसतो. भिंतींची चढाओढ हा हरण्याचाच खेळ आहे, तो असा.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगार आरोग्य संस्थेची शिफारस आहे, की ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांपेक्षा जास्त राहू नये. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक. १००ला उरतात फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी मानक दिलं, त्यात सरासरी आवाजाची वरची मर्यादा १०० डेसिबल ठेवली आहे. शिवाय कानात घालायचे बोळे मिळावेत आणि आवाजापासून दूर बसायला शांत जागा असावी, असंही सांगितलंय. म्हणजे १०० हे गाठायचं लक्ष्य नाही, ते कुंपण आहे.

यात एक सापळा आहे आणि तो डीजेनं समजून घ्यायलाच हवा. मोठ्या आवाजात तासभर काढला, की कान थकतो आणि त्याला कमी ऐकू यायला लागतं. आवाज तेवढाच असतो, पण डीजेला वाटतं तो पडला. हात आपसूक वर जातो. समोरच्यांचेही कान थकलेले, तेही म्हणतात ‘वाढव’. अशा रीतीनं कुणाचीही इच्छा नसताना रात्री दहापर्यंत आवाज भलतीकडे पोहोचतो. त्यावर माझा उपाय दोन रुपयांचा आहे. कान ताजे असताना, कार्यक्रमाच्या सुरुवातीला आवाज नीट लावतो आणि मुख्य बटणापाशी पांढरी चिकटपट्टी लावून रेघ मारतो. रात्रभर त्या रेघेवर विश्वास ठेवायचा, कानावर नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रहिवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. बंद सभागृहात, आवाज आतल्या आत ठेवून, कार्यक्रम करता येतो. आम्हा लोकांना पूर्वी हा नियम म्हणजे पोटावर पाय वाटायचा. माझं मत बदललं ते एका लग्नात.

लॉनवर संगीताचा कार्यक्रम होता. वधूपक्ष उशिरा पोहोचला, नऊ वाजले. लोक कुठे नाचायला लागले, तोवर दहा. बेस बंद करावे लागले. नवरीचे वडील हिरमुसले. शेजारी जेवणाचा हॉल होता. मी म्हटलं, काका, टेबलं भिंतीला लावा. दोन लहान टॉप आत नेले, दारं लावून घेतली आणि अगदी बेताच्या आवाजात सुरू केलं. आवाज एवढा, की माणसं नाचताना एकमेकांशी बोलू शकत होती.

सुरुवातीला मलाच चुकल्यासारखं वाटत होतं. मग एका जुन्या गाण्याचं धृपद आलं आणि मी आवाजाची पट्टी थोडी खाली ओढली. हॉलमधले दीडशे लोक ते धृपद म्हणत होते. पुढच्या कडव्याला मी आवाज जवळजवळ बंद केला, तरी गाणं चालूच राहिलं. इतकी वर्षं ते असेच गात असतील, माझ्या भिंतीखाली मला ते ऐकूच आलं नव्हतं. त्या रात्री दोन आज्यांनी फुगडी घातली. हॉलच्या कोपऱ्यात एक तान्हं बाळ आईच्या खांद्यावर झोपलेलं होतं. नाच चालू आणि बाळ झोपलेलं, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मी भिंतींची कामं सोडली. सोपं नव्हतं. ‘किती बेस?’ हा पहिला प्रश्न विचारणारी मंडळं मला बोलवत नाहीत. दोन हंगाम हातात फार कमी सुपाऱ्या होत्या, एक गाडी विकावी लागली. आज माझ्याकडे चार मोठे बेस नाहीत, पण कानात बोळे घातल्याशिवाय माझा एकही पोरगा स्पीकरजवळ उभा राहत नाही. हे मी मुद्दाम सांगतो. मिरवणुकीत आवाजाचा त्रास तुम्हाला दोन तास होतो. ट्रॉलीवर भिंतीला टेकून बसलेला अठरा-वीस वर्षांचा मदतनीस रात्र रात्र तिथेच असतो. त्याच्या कानाचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

तेव्हा श्रोतेहो, उद्या तुमच्या घरी कार्य निघालं आणि डीजे ठरवायची वेळ आली, तर ‘किती बेस’ विचारू नका. तीन गोष्टी विचारा. पहिली, येणारी माणसं कोण, कुठल्या वयाची, हे तुम्ही आम्हाला विचाराल का? दुसरी, आवाज किती ठेवता आणि तो मोजता कशानं? तिसरी, स्पीकर कुठल्या दिशेला तोंड करून लावणार? शक्य असेल तर ते जेवणाच्या पंगतीपासून आणि म्हाताऱ्या माणसांपासून दूर असावेत. उघड्यावर अंतर दुप्पट झालं, की छोट्या स्पीकरचा आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. फुकटात होण्यासारखी गोष्ट आहे.

या प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे असतील, तो डीजे. बाकीचं सगळं लाकूड आणि लोखंड, ते भाड्यानं कुठेही मिळतं. आणि ठरवल्यावर त्याच्याजवळ कुणीतरी जाऊन बसा, त्याला पाणी द्या, जेवलास का विचारा. तो समोरच्या दीडशे माणसांकडे बघत असतो. त्याच्याकडे बघणारं सहसा कुणी नसतं.